तन्मयीच्या हातातले सातशे तास

नववीच्या प्रगतिपत्रकात गणिताच्या खाली आता हातांचा रकाना असे. तन्मयीच्या रकान्यात लिहिलं होतं : पॉवर प्रेस, सातशे तास. पत्रा दाबून कापणाऱ्या या यंत्रावर वर्गात सगळ्यात जास्त. अकरावीला गेली की शिकाऊ उमेदवारीतले एवढे तास माफ, थेट मशीनवर.

हे तास कुणी राबून भरत नसे. सायकल येणारा माणूस पाय कसे मारायचे ते आठवत बसत नाही. ते लहान मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, मुरलेलं असतं. कसबी कारागिराच्या लहान मेंदूतली ही मुरलेली ठेवण टिपायची आणि मुलांच्या मेंदूवर उमटवायची, याला हस्तठसा म्हणत. डोक्याला टोपी लावून सहा बैठका. दुखत नाही, खुपत नाही. उठल्यावर मूल पत्र्याचा तुकडा असा उचलतं, की कारखान्यातला जुना माणूसही बघत राहावा.

तिची आई सुनीतीही कौतुकानं बघत राहिली होती. त्या रविवारपर्यंत.

रविवारी तन्मयी चटणी वाटत होती. त्यांच्या मिक्सरचं झाकण बसल्याशिवाय तो चालू होत नसे. तन्मयीनं डाव्या हातानं काडेपेटीतली काडी काढली, झाकणाच्या खाचेत खुपसली, आणि झाकण न लावताच बटण दाबलं. पातं फिरायला लागलं. तिचा उजवा हात आत गेला, कडेची चटणी खाली लोटून बाहेर आला. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

सुनीतीनं धावत येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अगं, बोटं जातील ना तुझी! काय करतेस?"

"काय केलं मी? चटणी वाटतेय."

"ही काडी कुणी घातली?"

तन्मयीनं काडीकडे पाहिलं. "मला काय माहीत? तूच घातली असशील."

ती खोटं बोलत नव्हती. आईला ते कळतं, आणि त्यामुळेच सुनीतीला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या ठसा-कक्षात डॉ. यास्मिन बागवानांसमोर बसली. डॉक्टरांनी काडीची हकीकत दोनदा ऐकली आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे हात आत राहूच नयेत."

"मग?"

"जुने कामगार एका बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायचे. एक हात मोकळा, माल दुप्पट. साहेब आला की पाचर खिशात. तन्मयीला दिलाय तो दत्तोबा मिस्त्रींचा ठसा घेतला तेव्हा आम्ही विचारलं होतं, काही वाईट सवयी? म्हणाले, तंबाखू. पाचर त्यांच्या लेखी सवय नव्हतीच, ती कामाचीच रीत."

"पण त्यांची बोटं शाबूत आहेत ना?"

"दहाच्या दहा. बावीस वर्षं एकाच मशीनवर होते. ठोकळा केव्हा पडतो ते त्यांच्या हाताला ठाऊक." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "नव्या मशीनचा ठोकळा त्याहून लवकर पडतो."

"किती लवकर?"

"पापणी लवते ना, तेवढं."

सुनीतीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. "पुसून टाका तो ठसा."

"विरजण लागल्यावर दूध वेगळं काढता येतं का? आम्ही इथली प्रेस बंद करू. पण हात तर ती घरी घेऊन जाणार. उद्या लिफ्ट असेल, परवा उसाचा चरक."

"काहीतरी असेल ना, मॅडम? तुम्हाला लेकरं आहेत का?"

डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलं. वरून दुसरा ठसा देता येईल, पहिल्याला दाबून टाकणारा. त्यासाठी मशीनला घाबरलेला हात हवा. सर्जेराव नावाचा एक कामगार होता. प्रेसखाली उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेला. त्याचा ठसा अपघातानंतर सहा वर्षांनी घेतलेला होता. "तास मात्र सगळे जातील. आणि दाबून टाकायला हा ठसा पूर्णच द्यावा लागतो, त्यातला निवडक भाग नाही."

तन्मयी घरी भांडली. "सातशे तास, आई! तुला काय, तू घरात बसून घाबरायचं काम करतेस." ते लागलं. तरी सुनीतीनं सही केली.

ठसा लागला. परीक्षकांनी तन्मयीला प्रेससमोर उभं केलं तर तिचे हात आपोआप पाठीमागे गेले. मिक्सर सुरू झाला की ती स्वयंपाकघरातून उठून जाई. रकान्यात शून्य आलं. सुनीतीनं शून्यावरून बोट फिरवलं आणि कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

त्या दुपारी तिनं आमटी-भात वाढला. तन्मयी जेवायला बसली. घास तोंडाशी नेताना भात सांडत होता, ताटात, मांडीवर. अंगठा आणि दोन बोटांनी ती तो गोळा करत होती, पुन्हा सांडत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ, ताठ, कशालाही न टेकता.

"नीट जेव की गं. ती दोन बोटं कशाला वर धरलीस?"

तन्मयीनं हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिला.

"कुठली बोटं?"

सुनीतीनं पुढे होऊन तिची करंगळी चिमटीत धरली. मऊ होती, गरम होती. तन्मयी आईच्या तोंडाकडे बघत होती, आईनं काय धरलंय ते ती सांगेल म्हणून.