मयताच्या बातम्यांआधीची धून

गिटारची बारीक तार तुटली, की अडगाला सायकलवाल्या केगोडेचं दुकान गाठायचा. ब्रेकच्या केबलमधला एक धागा सोडवून घेतला की काम भागायचं. मरागोलीच्या टेकड्यांवर सगळेच वाजवणारे तसंच करत. त्या दुपारीही केगोडेनं तार दिली, पण हात जोडले.

"बाबा, घरी जाऊन बसवा हं. इथं नको. माझी आई अंथरुणाला खिळलीय."

"अरे, गिटार आहे ती, कुऱ्हाड नव्हे!"

"तुम्ही वाजवायला लागलात की बायका रडायलाच बसतात. त्याला मी काय करू?"

खोटं नव्हतं ते. तरुणपणी अडगालानं नैरोबीला जाऊन एकट्यानं एक धून रेकॉर्ड केली होती. सोबत ना गाणारा, ना बाटलीवर ताल धरणारा. लग्न ठरलं होतं, केझियासाठी बांधलेली धून ती. गडी नुसता हवेत होता. पण मेलं नशीब! धुनेला शब्द नव्हते, म्हणून रेडिओवाल्यांनी ती मयताच्या बातम्यांआधी लावायला सुरुवात केली. वाजवणाऱ्याला विचारतो कोण? रोज संध्याकाळी आधी ती धून, मग एक बाई गेलेल्यांची नावं वाचायची. अडगालाला लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. त्यानं गिटार मात्र सोडली नाही. एकटाच वाजवायचा, टेपवर भरून घ्यायचा, लहान पोरासारखा पुन्हा पुन्हा ऐकायचा. फक्त ती एक धून त्यानं घरात कधी काढली नाही.

घरी केझिया तापानं फणफणली होती. कितीतरी दिवस मक्याच्या पिठाच्या उगालीचा घास पोटात गेला नव्हता.

"अहो, माझी धून वाजवा ना."

"दुसरी वाजवतो की. नवीन बांधलीय."

"नवीन नको. साऱ्या मुलखाच्या मयतांना ऐकवता, आणि बायकोला नाही?"

टोमणा वर्मी बसला. त्यानं तार चढवली, जुळवली आणि धून धरली. केझियानं डोळे मिटले. सुकलेल्या ओठांवर हसू आलं. त्यालाही भरून आलं. काय गोड धून होती मेली!

तेवढ्यात कोनाड्यातला रेडिओ खरखरला.

अडगालानं वाजवता वाजवता मान वळवली. रेडिओच्या बॅटऱ्या सकाळी त्यानंच बाहेर पत्र्यावर उन्हात टाकल्या होत्या. तरी आतून तीच धून येत होती, त्याच्या बोटांच्या बरोबरीनं. त्यानं घाबरून हात थांबवला. रेडिओतली धूनही थांबली. बाईनं घसा खाकरला.

"कळवण्यास अत्यंत दुःख होतं, की..."

त्यानं झटकन तार छेडली. बाई गप्प झाली.

आता थांबायची सोय नव्हती. थांबलं, की नाव. आणि घरात आजारी माणूस एकच. तो वाजवत राहिला. उन्हं भिंतीवरून उतरली, कोंबड्या दारातून आत येऊन निजल्या. ब्रेकचा धागा बोटात रुतला, लाकडावर रक्त ओघळलं. रेडिओतून ओल्या मातीचा वास येऊ लागला, नुकत्याच खणलेल्या खड्ड्याचा.

"हिला नको, देवा..." तो पुटपुटत होता. "हिला नेऊ नकोस रे..."

दिवेलागणीला केझियाला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. ती आपली आपण उठून बसली.

"अगंबाई! बोटं बघा काय करून घेतलीत! पुरे आता."

"हात लावू नकोस... केझिया... नको..."

तिनं तळवा तारांवर ठेवला.

"...मरागोलीचे गिटारवादक जेरेमाया अडगाला," बाई शांतपणे वाचू लागली, "यांचं आज संध्याकाळी निधन झालं. त्यांच्यामागे पत्नी केझिया..."

अडगालाचा जीव भांड्यात पडला. ती मागे राहिलेल्यांत होती. बस्स, त्याला तेवढंच हवं होतं.

"कोण गेलं हो?" केझियानं विचारलं. "माझ्या कानांत अजून तापाचं भणभणतंय. नाव नीट कळलं नाही."

त्यानं सांगायला तोंड उघडलं. घशातून काहीच निघालं नाही.

"कुणी नाही गं," कोनाड्यातून त्याचाच आवाज आला. "तू चहा टाक."