पाखऱ्याच्या पायातला दोरा

“उद्या व्यापारी पाखऱ्याला घेऊन जाणार. तो शर्यती का हरतो ते शोधायला आपल्या हातात आजचाच दिवस हाये,” असं म्हणत मोनालीनं गोठ्याचं दार ढकललं.

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून आलेला तिचा आतेभाऊ हरिओम नाक धरून मागंच उभा राहिला. किराणा दुकानवाल्या रामनिवासशेठची पलक मात्र ओढणीत गूळ बांधूनच आली होती.

पाखऱ्या म्हणजे काही साधासुधा बैल नव्हे. मोनालीच्या मोठ्या भावानं, भागवतनं, त्याला लहान गोऱ्हा असल्यापासून वाढवलेलं. गोऱ्हा असतानाच तो बैलांच्या शंकरपटातली पहिली शर्यत जिंकला, त्या दिवशी भागवतनं त्याच्या पुढच्या पायात काळ्या लोकरीचा दोरा बांधला, वर लाल गोंडा. दृष्ट लागू नये म्हणून. मग काय, पाखऱ्या पळायचा आणि जिंकायचा. घनसावंगी म्हणू नका, कुंभार पिंपळगाव म्हणू नका, त्याला बघूनच बाकीच्यांची तोंडं उतरायची.

गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात भागवत गेला. तेव्हापासून पाखऱ्या हरतच होता. ‘बैलाचं नशीब पोरासंगं गेलं,’ असं गाव म्हणू लागलं. गावाला काय, बोलायला पैसे पडतात थोडेच! पण मोनालीच्या बाबांनीही ते मनावर घेतलं. हरलेला बैल दिसला की त्यांना भागवत आठवायचा आणि ते ताटावरून उठायचे. शेवटी त्यांनी पाखऱ्याला विकायला काढलं.

“नशीब गेलं म्हणजे नक्की कुठं गेलं?” हरिओमनं विचारलं.

“तुझ्या मेंदूच्या शोधात गेलं आसंल. चल, त्याला हौदावर ने, कसा चालतो ते बघू,” मोनाली म्हणाली.

हौदाजवळच्या ओल्या मातीत पाखऱ्याच्या खुरांचे ठसे उठले. पलक खाली वाकली. “इकडं बघा. बाकीचे ठसे खोल हायेत, अन् हा नुसता टेकल्यावानी. हा पाय तो बराबर टाकतच न्हाई.”

तो गोंड्याचा पाय होता. मोनालीनं गोंडा बाजूला केला, तसा पाखऱ्यानं पाय झटकला. घाण वास आला. दोरा कातडीत रुतून गेला होता आणि भोवती पू झाला होता. गोऱ्ह्याचा बैल झाला, दोरा मात्र तेवढाच राहिला होता.

“कापून टाक,” हरिओम म्हणाला.

“बाबांनी शपथ घातलीय. दादाची निशाणी हाये, कुणी हात लावायचा न्हाई.”

“मंग मी मामाला उसाबद्दल विचारत बसतो. उसाचा विषय निघाला की मामा उठत न्हाई,” असं म्हणून हरिओम शेताकडं पळाला.

पलकनं दुकानातून कात्री आणली. मोनालीनं ती हातात घेतली आणि तिला रडू फुटलं. गाठ दादाची होती. तिच्या शाळेच्या बुटांनाही तो अशीच दुहेरी गाठ मारायचा. ही कापली की त्याच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

पलकनं पाखऱ्याला गूळ चारला. तो पाय उचलून उभाच होता. मोनालीनं डोळे पुसले आणि दोरा कापला.

“कुणी हात लावायला सांगितलं?”

मागं बाबा उभे होते. त्यांच्यामागं हरिओम ओशाळून उभा होता. मोनालीनं नुसतं पायाकडं बोट दाखवलं. बाबांनी जखम पाहिली आणि ते पाखऱ्याच्या पायाशी बसले.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. जखम भरेल, पण पाखऱ्या आता पटात पळणार नाही, म्हणाले. बाबांनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

“शाबास रे पोरांनो,” ते म्हणाले. “मी नुसता दोरा जपत राह्यलो. बैल बघितलाच न्हाई.”

“बाबा, दादाची गाठ मी कापली,” मोनाली मुसमुसत म्हणाली.

बाबांनी तिला जवळ घेतलं.

“भागवत असता तर त्यानं कवाच कापली असती, बाई.”