रिकामी शेगडी

डोंगरात आग पेटवायला सगळ्यात भरवशाचं काय, असं विचारलंत ना? बसा त्या स्टुलावर. लायटर आहे, वाऱ्यात न विझणाऱ्या काड्या आहेत, मेणाच्या वड्या आहेत, ठिणगीची सळई आहे. सगळं चांगलं आहे आणि सगळं दगा देतं. लायटरचा गॅस थंडीत गारठतो, मग त्याला काखेत धरून ऊब द्यावी लागते. काड्या भिजतात. सळई भिजली तरी ठिणगी देते, पण त्या ठिणगीखाली पेटण्यासारखं कोरडं काहीतरी लागतं, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. बावीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे मी. नवीन माल आला की त्यातला एकेक नग मागच्या मोरीत बुडवते, बाहेर काढून पेटवते, आणि पेटला तरच बाकीचा कपाटात लावते. म्हणून तर मास्तरांच्या बाबतीत लोक जे बोलले ते मला इतकं लागलं.

मास्तर म्हणजे एक शाळामास्तर. मागच्या हिवाळ्यात एकटेच डोंगरात गेले आणि वरच्या खिंडीतल्या निवाऱ्यात थंडीने गेले. बर्फ वितळल्यावर माणसं वर पोचली, तर हे शेगडीसमोर बसलेले, हातात सळई, निम्मी झिजलेली. सळई माझ्याकडून नेलेली. झालं! सळई खराब, दुकान खराब, मी खराब. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की तपासली होती ना?" बावीस वर्षांनी हे विचारायचं? मी ती परत आलेली सळई त्यांच्या टेबलावर घासून दाखवली. ठिणग्यांनी त्यांचा टेबलक्लॉथ जळाला. तरी बोलणारे बोलायचे ते बोललेच, लोकांच्या जिभेला काय हाड असतं?

माझा एकच प्रश्न होता. शेगडीत लाकूड होतं का?

कारण त्या निवाऱ्याचा एक नियम आहे, आणि तो कुठे लिहिलेला नाही. निघताना शेगडी रचून निघायचं. खाली मेणाची वडी, वर ढलप्या, त्यावर काटक्या, बाजूला काडेपेटी. म्हणजे पुढचा माणूस गारठलेल्या बोटांनी आला तरी त्याने एक काडी ओढली की काम झालं. आपल्यासाठी कोणीतरी रचून गेलेलं असतं, आपण पुढच्यासाठी रचायचं. इतकं साधं. पण मास्तरांना खाली आणण्याच्या गडबडीत शेगडीचं दार कोणी उघडून बघितलंच नव्हतं. मग वाट वाहून गेली, सहा महिने वर कोणी फिरकलं नाही.

निवाऱ्यातलं सामान अधूनमधून आमच्या दुकानातून भरलं जातं; वाट नीट झाली तेव्हा मी मालकांना म्हटलं, या वेळी ते भरायला मी जाते. ओझं उचलायला जावयाला घेतलं. माझा जावई तसा मनाने चांगला. हौशी. डोंगर म्हटला की सगळ्यात आधी टोपी विकत घेणारा. पण त्या दिवशी निवाऱ्याचं नाव काढल्यापासून गप्प गप्प होता. मला वाटलं, सासूबरोबर दिवसभर चालायचं म्हणून तोंड पडलंय.

निघताना बजावलं होतं. "जावईबापू, पेटवायचं सामान तीन ठिकाणी ठेवा. खिशात, पिशवीत, आणि एक गळ्यात."

"हो आई, ठेवलंय."

डोंबल ठेवलं होतं! सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं. खिंडीच्या अलीकडे ओढा आहे, त्यातल्या दगडावरून पाय सटकला आणि जावईबापू पिशवीसकट पाण्यात. गळ्यापर्यंत. मी हाताला धरून ओढून काढलं, पिशवी गेली ती गेलीच. ढग खाली उतरलेला. परत खाली जायला तीन तास, निवारा अर्ध्या तासावर. मी त्यांना ढकलत, शिव्या देत, वर नेलं.

दुपारचे चार वाजले असतील. दाराबाहेर सगळं पांढरं, आत काळोख. खिडकीची काच काजळलेली. जावयाचे दात इतके वाजत होते की त्यांना बोलता येत नव्हतं. ओले कपडे काढायला लावले, माझी कोरडी शाल गुंडाळली, निवाऱ्यातलं कुबट पांघरूण वरून घातलं. आणि शेगडीचं दार उघडलं.

रिकामी. आत जुनी, दगडासारखी घट्ट बसलेली राख. लाकडाची पेटी उघडली, तीही रिकामी. तळाला एक ढलपीसुद्धा नाही. काडेपेटीच्या जागी बिस्किटाचा कागद.

"कोणाच्या बापाचं घर समजून गेलेत मेले!" मी ओरडले. माझ्या पाठीवर सुक्या ढलप्यांचा भारा होता, प्लास्टिकमध्ये बांधलेला, तो होता म्हणून. मास्तरांच्या पाठीवर कुठला असायला? मी ढलप्या रचल्या. गळ्यातली पिशवी काढली. तीत व्हॅसलीन चोळलेल्या कापसाचे चार बोळे, आणि काडेपेटीत सहा काड्या. माझ्या हाताने भरलेल्या. हाडासारख्या कोरड्या.

पहिली काडी पेटली. बोळ्याला लावली. बोळ्याने पेट घेतला आणि विझला.

वारा नव्हता हो. दार बंद होतं. ज्योत वाऱ्याने जाते तेव्हा आधी वाकते. ही वाकली नाही. चिमटीत धरून विझवावी तशी गेली. मी बोळा उचलला तर तो गच्च ओला होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं. माझे हात कोरडे, शेगडी कोरडी, वरचं छप्पर कोरडं.

दुसरी काडी, दुसरा बोळा. तेच. आता खोलीत वास यायला लागला. भिजलेल्या लोकरीचा वास, कोणीतरी ओला स्वेटर अंगावरच वाळवत बसलं की येतो तसा. जावयाच्या अंगावर तर लोकर नव्हतीच. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात थेंब पडत होते. टप्… टप्… मी वर बघितलं नाही, तिकडेही बघितलं नाही. तिसरी काडी ओढली.

"शेवटी… कोण होतं… इथे?"

मला वाटलं, जावई बोलले. वळून बघितलं तर त्यांचं तोंड मिटलेलं. दात वाजायचे थांबले होते. थंडीने आखडलेल्या माणसाचं कापणं थांबलं की घात असतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते. ओठ निळे पडलेले. डोळे दाराजवळच्या कोपऱ्यावर. माझ्या हातातली काडी जळत जळत बोटापर्यंत आली आणि चटका देऊन विझली.

"आम्ही होतो," जावई त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले. आवाज अगदी साधा, शेजाऱ्याशी बोलावं तसा. "आम्ही चौघं मित्र. मागच्या वर्षी. दोन दिवस राहिलो… सगळं जाळलं. भरायचं राहिलं. आम्हाला वाटलं, दुकानाची माणसं येऊन भरतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वर्षभर चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर दर रविवारी माझ्याच ताटाशेजारी जेवायला बसत होता! लोक मला बोलत होते तेव्हा हा माणूस मान खाली घालून पाणी पीत होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, ठेवावी काडेपेटी गळ्यात परत आणि बसू द्यावं यांनाही तसंच शेगडीसमोर. मग लेक डोळ्यांसमोर आली. निघताना दारात उभी राहून म्हणाली होती, आई, यांना सांभाळून आण गं.

चौथी काडी ओढली. कापसापर्यंत पोचायच्या आतच काडीचा गूल भिजून गळून पडला.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. भीती होतीच. पाचावर धारण बसली होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. तिथे काळोखात काळोख बसलेला होता, इतकंच सांगते.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमचा राग खरा आहे. माझाही खरा आहे. तुम्ही जिवानिशी गेलात आणि माझं नाव गेलं. पण ही शेगडी कशासाठी आहे? पुढच्या माणसासाठी ना? आज पुढचा माणूस हा आहे. नालायक आहे, पण हाच आहे. याला इथे संपवलंत तर तुमच्या बायकोला कळणार कसं, काय झालं ते? हा तुमच्या घरी येईल. स्वतःच्या तोंडाने सांगेल. मी शब्द देते."

थेंब थांबले. मग माझ्या अगदी कानाशी गार श्वास आला.

"कधी…?"

"घरी पोचल्यावर. पहिलं काम."

मी जावयाच्या खांद्याला धरून हलवलं. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांना अरे म्हटलं. "अरे, हो म्हण! तोंड उघड!"

"हो…" जावई म्हणाले. "येईन."

पाचवी काडी पेटली. बोळा पेटला, ढलपी तडतडली, धुराड्याने धूर ओढला. लोकरीचा वास जळत्या लाकडाच्या वासात मिसळला आणि गेला. अर्ध्या तासाने जावई पुन्हा कापायला लागले, तेव्हा मी रडले. सकाळी निघताना उरलेल्या ढलप्या, चौथा बोळा आणि ती शेवटची काडी मी शेगडीत नीट रचून ठेवली.

आता ऐका पुढची गंमत. घरी पोचून अंगात ऊब आली आणि आमच्या जावईबापूंना शहाणपण सुचलं. थंडीत माणसाला भास होतात म्हणे. डॉक्टर मित्राने सांगितलं. मास्तरांच्या घरी? जाऊ की, पुढच्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या. "आई, त्या बाईंची जखम आपण कशाला उकरायची?" वा! जखम यांनी करायची आणि खपलीची काळजीही यांनीच. मी रोज फोन करायचे, ते रोज मीटिंगमध्ये असायचे.

तीन आठवडे झाले आणि भर दुपारी लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, आमच्याकडे गॅस पेटत नाहीये. हे घरात नसले की पेटतो. हे स्वयंपाकघरात आले की ज्योत जाते. माणूस येऊन बघून गेला, काही दोष नाही म्हणाला. आणि ह्यांचं अंग, आई… दोन पांघरुणांत झोपलेत, तरी ओल्या फरशीसारखं गार लागतंय. आज तर त्यांचं कापणंही थांबलं गं."

मी दुकान उघडं टाकून निघाले. जावयाला पांघरुणातून उठवलं, कोट चढवला आणि दंडाला धरून जिन्यावरून खाली आणलं. लेक मागून विचारत होती, काय झालं, कुठे नेतेस. म्हटलं, तुझं कुंकू वाचवायला नेते, दार लावून घे.

मास्तरांच्या बायकोचं घर गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. मूलबाळ नाही, मास्तर गेल्यापासून बाई एकट्याच असतात, हे मला ठाऊक होतं. बेल दाबली. त्यांनी स्वतःच दार उघडलं. बारीक बांधा, चष्मा, हातात तपासायच्या वह्या. त्याही शिकवतात. मी जावयाला पुढे ढकललं.

जावयांनी सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, अडखळत, पण सगळं सांगितलं. चौघं होतो, सगळं जाळलं, भरलं नाही. नंतर कळलं तरी गप्प बसलो, आणि बोल यांना बसले. बोलता बोलता त्यांच्या गालांवर रंग यायला लागला, तो मला दिसत होता. माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरलं. वाटलं, आता या बाई रडतील, ओरडतील, थोबाडीत मारतील. मारायलाच हवी होती.

त्या शांत होत्या. चष्मा काढून पदराने पुसला.

"तुमचे ते तिघं येऊन गेले," त्या म्हणाल्या. "एक गेल्या बुधवारी, दोघं परवा. फार गारठले होते बिचारे."

जावई माझ्याकडे बघायला लागले. "आई, मी कोणालाच काही बोललो नव्हतो… आम्ही वर्षभरात भेटलोही नाही."

"तुमची वाट बघत होतो," बाई म्हणाल्या. "हे म्हणालेच होते, चौथा काही आपणहून यायचा नाही, त्याला सासूच घेऊन येईल."

बाई दारातच उभ्या होत्या, वह्या छातीशी धरून, आमच्यासमोर, हातभर अंतरावर. आणि त्यांच्या मागे, आतल्या स्वयंपाकघरात, कोणीतरी काडी ओढली.