चार ठेवींची यादी

मे महिन्यातली सकाळ. अकरा वाजताच बल्लारपूर ठाण्याच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. फोन वाजला.

"मी ताराबाई उंदिरवाडे बोलून राह्यली, वडस्याहून. मोठ्या लेकीच्या बाळंतपणाले आली इथी. आमचे हे कालपासून फोन उचलत नाई. शेजारची गुणाबाई म्हणते, दार आतून बंद हाय आन् कूलरबी बंद हाय. बाई, एवढ्या उन्हात कूलर कोन बंद ठेवते?"

उपनिरीक्षक दामिनी आत्राम चहा तसाच ठेवून शिपायाला घेऊन निघाली.

दारासमोर गुणाबाई उभी होती. ताराबाईंच्या नवऱ्याचा, श्रीहरींचा, पुतण्या विक्की दार बडवत होता. त्याची नवी कोरी मोटारसायकल कुंपणाला टेकलेली.

"काका, दार उघडा ना!"

"जा तुमी," आतून खोल गेलेला आवाज आला. "मी बरा हाय."

त्यापाठोपाठ दुसरा आवाज. दरडावणारा.

"दरवाजा मत खोलना!"

दामिनी खिडकीच्या फटीतून वाकली. चौसष्ट वर्षांचे श्रीहरी उंदिरवाडे खुर्चीत ताठ बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. समोर मोबाईल उभा केलेला, आणि पडद्यावर गणवेशातला एक माणूस.

शिपायाने दोन धक्क्यांत कडी तोडली. दामिनीची खाकी दिसताच पडदा काळा झाला.

श्रीहरींनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"घाला बेड्या, मॅडम. मी तयार हाय."

दामिनीने त्या हातांत पाण्याचा तांब्या दिला. विक्कीने कूलर लावला. श्रीहरींनी तांब्या रिकामा केल्यावर तिने विचारलं,

"काय म्हणाले ते?"

"टॅक्स चुकवला म्हने मी. घरातच अटक. कॅमेऱ्यासमोरून हलाचं नाई. कूलरच्या आवाजात बोलनं ऐकू येत नाई, बंद कर म्हनले. संडासले जायाचं तरी इचारा लागे."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"पैसे दिले?"

"बँकेतली ठेव काल मोबाईलवरूनच मोडाले लावली. तपासून वापस देऊ म्हने. बाकीचं आज."

दामिनीने शिपायाला लगेच सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"भाऊ, तुम्ही चौतीस वर्षं पेपर मिलमध्ये मशीन चालवली. असे ऐरेगैरे तुम्हाला फसवतील? विश्वास कसा बसला?"

"त्यायले सारं ठाऊक होतं. चारही ठेवी. बँकेतली, पोस्टातली, पतसंस्थेतली. आन् चौथी, धाकट्या लेकीच्या, रीताच्या लग्नाची. तशीच म्हनला तो, 'बेटी की शादी वाली'."

"कागदावर तसं लिहिलंय?"

"नाई. कागदावर माझंच नाव हाय. घरात आमी तिले तसं म्हनतो."

गुणाबाईने विक्कीकडे रोखून पाहिलं. "मोबाईल यानंच शिकवला काकाले. गाडीबी नवीच दिसते."

"हप्त्यावर घेतली मी!" विक्की उसळला. "घुग्घुसले ट्रक चालवतो, चोरी नाई करत."

दामिनीने हात वर केला. "आज कुठे जायला सांगितलं होतं, भाऊ?"

"पोस्टात. मी म्हनलं, साहेब, पोस्टातली ठेव आता नाई. डिसेंबरात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मोडली. तं तो खवळला. खोटं बोलतं म्हने, लपवून ठेवलं म्हने. तेवढ्यावरूनच किती शिव्या देल्ल्या!"

"डिसेंबरात सोबत कोण होतं?"

"विक्की. मले दिसत नव्हतं, यानंच गाडीवर नेलं."



"टॅक्सचं विवरणपत्र कोण भरून देतं?"

"दादाजी बोरकुटे. मिलच्या हिशेब खात्यात होता. व्याज घटलं, गोळ्या महागल्या, पेन्शन अडीच हजारबी नाई. कुठी ठेवलं तं किती टॅक्स लागते, आमाले काय समजते? तो सांगे. एक रुपया घेत नाई. गेल्या जुलैतबी त्यानंच भरलं."

"त्यानंतर भेट?"

"नाई. आता या सालचं भराले जाईन तवाच."

दादाजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे. टेबलावर फायली नीट रचलेल्या. पोलिसांमागे श्रीहरींना पाहताच त्यांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

"दादाजी, श्रीहरीभाऊंच्या ठेवी किती?" दामिनीने विचारलं.

"चार."



"कालपर्यंत तीन," दामिनी म्हणाली. "फोनवाल्याकडेही चारच होत्या. यादी बँकेतून फुटली असती, तर तिच्यात पोस्ट आणि पतसंस्था नसती. कुठल्या सरकारी कॉम्प्युटरमधून फुटली असती, तर 'रीताच्या लग्नाची' हे नाव तिच्यात नसतं. म्हणजे घरोब्यातला माणूस. पण घरच्यांना माहीत होतं की पोस्टातली ठेव डिसेंबरात मोडली. विक्कीने तर स्वतः नेलं होतं. ज्याला सगळं ठाऊक होतं, पण जुलैपर्यंतचंच, असा एकच माणूस उरतो."

दादाजींनी मान डोलावली.

"काऊन केलं, दादाजी?" श्रीहरींचा आवाज फुटला. "मी तं तुले भाऊ मानत होतो."

"माझे सारे पैसे गेले, श्रीहरी. मोबाईलवर शेअरचं एक अ‍ॅप होतं. पडद्यावर रोज वाढत, पन काढाले गेलो की निघत नाई. घरी सांगू शकलो नाई. मीच साऱ्यायले शहाणपन शिकवनारा! मंग ते अ‍ॅपवाले म्हनले, रिटायर लोकायची नावं आन् ठेवी सांग, तुझे पैसे सोडतो. मी सात नावं देल्ली."

"तुमचे सोडले?" दामिनीने विचारलं.

"नाई. म्हनले, आनखी दे. नाईतं साऱ्यायले तुझं नाव सांगतो."

"त्या सातांपैकी आत्ता कोण अडकलंय?"

दादाजी पुन्हा चष्मा पुसू लागले.

"सांगा!"

"डोमा. घुग्घुसचा. तोबी कालपासून फोन उचलत नाई. एकटाच राह्यते."

दादाजींना घेऊन जीप कोळशाच्या धुळीतून, ट्रकांना मागे टाकत घुग्घुसला पोहोचली. डोमाच्या घराच्या खिडक्या गच्च बंद होत्या. दामिनीने दार ठोठावलं.

"पोलीस. दार उघडा."

"साहेब म्हनतात तुमी नकली हाय," आतून दमलेला आवाज आला. "लाथा माराल तं मी इथीच जीव देईन."

शिपाई थबकला. दामिनीने दादाजींकडे पाहिलं. ते मान हलवत मागे सरकले.

"मले नाई जमणार, मॅडम. चाळीस वर्षांची ओळख हाय."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तो फक्त तुमचंच ऐकेल."

दादाजी अडखळत पुढे आले. दाराला हात लावला.

"डोमा, मी दादाजी. फोनवरचा माणूस साहेब नाई, चोर हाय."

"तुले काय मालूम?"

दादाजींनी कपाळ दाराला टेकवलं. मग ते एका दमात बोलले.

"कारन तुझं नाव त्याले मीच देल्लं."

आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.  मग कडी सरकली. दारात डोमा उभा होता, डोळे सुजलेले, अंगावर कालचेच कपडे. पोलिसांकडे त्याने पाहिलंही नाही.

"आता माझ्या तोंडाकडे पाहून सांग," तो दादाजींना म्हणाला.