हाक देणारी तार

बटण बरोबर दाबलं होतं. मग यंत्र थांबलं का नाही?

२०४८ सालची खंडेनवमी. तासगावच्या शेडमध्ये बेदाणे निवडणाऱ्या यंत्रहाताची, म्हणजे भीमाची, हळदकुंकू लावून पूजा झाली होती. त्याचं आणीबाणीचं लाल बटण बारा वर्षांच्या रेणूने स्वतः जोडलं होतं, आदल्या दिवशी सगळ्यांसमोर दाबूनही दाखवलं होतं. पूजेनंतर भीमा सुरू झाला. सरकत्या पट्ट्यात अडकलेली काडी काढायला शेडमध्ये काम करणाऱ्या सुलाकाकूंनी भीमाभोवतीच्या जाळीचं दार उघडून हात आत घातला आणि पोलादी पंजा खाली येऊ लागला. रेणूने बटण दाबलं. भीमा थांबला नाही. तिच्या आजोबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर काकूंच्या चार बांगड्या फुटल्या होत्या. हात वाचला.

रेणूला रडू आवरेना. आबा, म्हणजे आजोबा, निवृत्त यंत्रशास्त्रज्ञ. त्यांनी बटणाची तार तपासली. मधला हातभर तुकडाच गायब होता.

"तोरण बांधायला तार पायजे हुती," शेड सजवणारे बबनमामा म्हणाले. "ही नुसतीच लोंबत हुती. घेतली तोडून."

दारावर झेंडूचं तोरण झोकात डुलत होतं.

आबा कधी रागावत नसत, प्रश्न विचारत. ते जास्त जड जाई.

"तुझ्या बटणातून प्रवाह कधी वाहतो?"

"दाबल्यावर. दारावरच्या घंटीसारखा."

"आणि तार तुटली असली तर?"

"दाबेपर्यंत कळतच नाही."

"बरं. विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसाला काय सांगतात? अडचण आली तर ओरड?"

"नाही. तो सारखी हाक देत राहतो. हाक थांबली की वर ओढायचं. बेशुद्ध माणूस ओरडणार कसा?" रेणू थबकली. "आबा, तुटलेली तारही ओरडू शकत नाही!"

मग दोघांनी जोडणी उलटी केली. आता बटणातून सतत थोडासा प्रवाह वाहणार आणि बटण दाबलं की तो तुटणार. जाळीच्या दाराचा स्विचही त्यांनी त्याच तारेत एकसर (एकापुढे एक) जोडला. ही झाली इंटरलॉक (धोका असेतोवर यंत्र चालू न देणारी जोडणी). शेवटी रिले (विजेवर चालणारा स्विच). त्याला प्रवाहाची हाक ऐकू येते, तोवरच भीमा चालतो. बटण दाबा, दार उघडा किंवा तार तोडा, भीमा थांबणारच. आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरूही होणार नाही.

दसऱ्याला भीमा कामाला लागला आणि घटकाभरात गपकन थांबला. बटण कुणी दाबलं नव्हतं, दारही बंद होतं. सगळे इकडेतिकडे बघू लागले.

स्टुलावर बबनमामा उभे होते. एका हातात पक्कड, दुसऱ्यात आपट्याच्या पानांचं तोरण.

"म्या कुटं काय केलं? वाईच तार घेतली फकस्त."

आधी सुलाकाकू हसल्या, मग रेणू. कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला.

"आता पुढं काय?" आबांनी विचारलं.

"शेतात फिरणाऱ्या यंत्रांना तार नसते, त्यांना बिनतारी हाक द्यायला शिकवायचं," रेणू म्हणाली. "पण आधी मामांना सुतळी आणून द्यायची."