ओपाप्सना सांगायचं राहिलेलं

शनिवारी सकाळी दात घासता घासता मी बेसमेंटच्या खिडकीतून वर पाहिलं, तर एक माणूस आमच्या अंगणातल्या बर्चच्या झाडाला ड्रिलनं भोक पाडत होता.

एप्रिलचा मध्य होता. कॅनडात, सस्काटूनमधला बर्फ अजून पुरता गेला नव्हता. कुंपणाच्या कडेला त्याचे राखाडी ढीग उरले होते. घरमालक हिवाळ्यापुरते अमेरिकेत, फीनिक्सला, मे महिन्याशिवाय परतणार नव्हते. घर माझ्याच भरवशावर होतं. मी जॅकेट चढवलं, सापडले ते बूट पायांत सरकवले आणि ब्रश हातात तसाच धरून बाहेर धावले.

"एक्स्क्यूज मी!"

तो दचकून वळला. उंच, कानटोपीखाली विस्कटलेले भुरे केस, गुडघ्यांवर लाकडाचा भुसा.

"मी तीनदा बेल वाजवली," तो म्हणाला. "कुणी आलं नाही..."

"म्हणून भोक पाडायला घेतलंत?"

"हे झाड माझ्या आजोबांनी लावलंय. घरही त्यांचंच होतं, आठ वर्षांपूर्वी विकलं." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "म्हणजे त्यानं मला परवानगी मिळते असं नाही."

"नाहीच मिळत."

"बरोबर. आणि... तुमच्या हनुवटीला टूथपेस्ट लागलीय."

मी बाहीनं हनुवटी पुसली. रागावायचं होतं, पण ओठ ऐकेनात.

त्याचं नाव आर्विस. युनिव्हर्सिटीच्या थिएटरमध्ये नाटकांचे सेट बांधणारा सुतार. आजोबा लॅटव्हियातून आलेले. घरात त्यांना सगळे 'ओपाप्स' म्हणत. वय अठ्ठ्याऐंशी, नदीपलीकडच्या केअर होममध्ये होते आणि डॉक्टरांनी आता महिन्यांऐवजी आठवड्यांची भाषा सुरू केली होती. लॅटव्हियात पानं फुटायच्या आधी बर्चच्या खोडातून पाणी काढून पितात. ओपाप्सनी तेवढं एकच मागितलं होतं.

"झाडाला त्रास होतो?" मी विचारलं.

"थोडा. पण ते भरून काढतं."

त्यानं भोकात एक छोटी नळी बसवली, तिला बादली अडकवली. आम्ही दोघं वाट पाहत उभे राहिलो. मग पहिला थेंब आला. पाण्याइतका स्वच्छ. दुसरा... तिसरा... शेजारी एक अनोळखी माणूस श्वास रोखून उभा होता, आणि मीही.

"बादली रोज संध्याकाळी रिकामी करावी लागेल," तो अडखळत म्हणाला.

"मी करीन," मी म्हणाले. ते मी का म्हणाले, कोण जाणे.

तो रोज सहाच्या सुमाराला बाटली न्यायला येऊ लागला. पहिल्या दिवशी पायरीवर पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. तिसऱ्या दिवशी वारा इतका बोचरा होता की, मी त्याला बेसमेंटमध्ये बोलावलं आणि आल्याचा चहा टाकला. माझ्या ठेंगण्या छताखाली तो मान वाकवून उभा राहिला.

"बस ना. तुला बघून माझीच मान दुखतेय."

महिन्याभरापूर्वीच तो लॅटव्हियाला जाऊन आला होता. ओपाप्सना विमानप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांच्या वतीनं, त्यांचं लहानपणचं घर बघायला. कप दोन्ही हातांत धरून तो सांगायचा, मी ऐकायची. तिकडे शेतावरच्या प्रत्येक घराला नाव असतं, नंबर नसतो. मार्चअखेर करकोचे परत येतात आणि विजेच्या खांबांवरच्या जुन्या घरट्यांत उभे राहतात. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचं गोड सूप करतात. त्याची लॅटव्हियन इतकी मोडकी, की बसमधल्या एका बाईनं त्याला लहान मुलासारखं सावकाश बोलून दाखवलं.

"तू नुसती विचारतेस, अनुया," एकदा तो म्हणाला. "स्वतःचं काहीच सांगत नाहीस."

"नागपूरची. पर्यावरण इंजिनिअर. खाणीजवळच्या पाण्याचे नमुने तपासते. झालं."

"घरी कधी गेली होतीस?"

मी कप विसळायला उठले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या न विचारण्यामुळेच तो मला आवडला असावा...

रविवारी तो म्हणाला, "चल ना. पाणी कुणी सांभाळलं ते ओपाप्सना बघायचंय."

ओपाप्स खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर शाल, नाकाला ऑक्सिजनची नळी, डोळे मात्र लख्ख निळे. त्यांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"पातळ आहे," ते म्हणाले. "पण तेच आहे."

मग आर्विसकडे वळून — "हं. घर सांग."

आर्विस सांगू लागला. दार अजून जड आहे, खालून घासतं. चुलीच्या फरश्या निळ्या, एक तडकलेली. माळ्याच्या जिन्याची तिसरी पायरी वाजते. ओपाप्सनी डोळे मिटले होते. शालीवर बोटं हलत होती, जणू त्या जिन्याचा कठडा चाचपत होते.

परतताना, गाडीत, मी म्हणाले, "किती बारकाईनं पाहिलंस तू सगळं!"

पुलावर ट्रॅफिक थांबला होता. खाली नदीवरचा बर्फ फुटून मोठमोठे तुकडे संथ वाहत होते. आर्विस समोर बघत राहिला.

"घर नाहीये, अनुया."

"म्हणजे?"

"रशियनांच्या काळात पाडलं. मोठं शेत करायला. तिथं आता नांगरलेली जमीन आहे, बस. फोन केला तेव्हा ओपाप्सनी विचारलं, 'दिसलं का घर?' आणि मी हो म्हणालो. मग ते रोज विचारायला लागले... मी सुतार आहे. घर कसं असतं, ते मला माहितेय. रोज थोडं थोडं बांधून देतो."

"आणि त्यांना कळतच नाही?"

"चव्वेचाळीस साली, युद्धात, ते तिथून निघाले तेव्हा आठ वर्षांचे होते." त्याचा आवाज खाली आला. "तेवढंच नाही. त्यांचे वडील मागे राहिले होते. गाईगुरं मोकळी सोडून मागून येतो म्हणाले. आले नाहीत. ओपाप्सना वाटतं, ते तेव्हाच मारले गेले. पण शेजारच्या म्हातारीनं मला कबर दाखवली. ते १९६१ साली गेले. सतरा वर्षं तिथंच होते, त्याच घरात, एकटे. हे मी त्यांना आता सांगू? मरताना?"



"गाडी बाजूला घे."

"काय झालं?"

"आर्विस, बाजूला घे."

पूल ओलांडून त्यानं गाडी थांबवली. मी दार उघडलं, पण उतरता येईना. दोन वर्षं कुणाला न सांगितलेलं तोंडातून बाहेर पडू लागलं.

"माझे बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. मी रोज फोन करायचे. माझा भाऊ निहार सांगायचा, व्हायरल आहे, झोपलेत. तू एवढ्या लांब, उगाच काळजी करत बसशील. बाराव्या दिवशी त्यानं सांगितलं, तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. सगळ्यांनी मिळून मला वाचवलं, आर्विस. आणि मला साधं रडताही आलं नाही, कारण ज्या दिवशी रडायचं होतं, त्या दिवशी मी इथं ग्रोसरी करत होते."

"अनुया..."

"त्यानंतर मी घरी गेले नाही. निहारशी हो-नाहीपलीकडे बोलत नाही. त्यानं ते प्रेमानंच केलं, हे मला कळतं. तू करतोयस तेही प्रेमच आहे. पण वडील त्यांचे आहेत, तुझे नाहीत."

मी उतरले. चिखलबर्फातून चाळीस मिनिटं चालत घरी आले. त्यानं हाका मारल्या. मी वळले नाही.

चार दिवस तो आला नाही. मी बादली रिकामी करत राहिले, बाटल्या फ्रिजमध्ये ओळीनं लावत राहिले. सहा वाजले की कान पायरीकडे... आणि मग स्वतःचाच राग.

पाचव्या दिवशी बेल वाजली. डोळ्यांखाली काळं, हातात टोपी.

"मी सांगणार आहे," तो म्हणाला. "पण एकट्याला जमणार नाही. तू खोलीत असशील का? काही बोलू नकोस. फक्त अस."

त्यानं सांगितलं. केअर होममध्ये, खुर्ची पुढे ओढून, इंग्रजीत, अधूनमधून मोडक्या लॅटव्हियनमध्ये. घर नाही. जे सांगितलं ते मी रचलेलं होतं. मला माफ करा. ओपाप्सनी ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्धा तास आम्ही बसून होतो. त्यांनी एकदाही इकडे पाहिलं नाही. शेवटी नर्सनं आम्हाला हलकेच बाहेर काढलं.

पार्किंगमध्ये आर्विस म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून केलं मी हे."

मी ते ऐकून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर मला झोप येईना. मी कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांत हात घातला होता. माझं दुःख मी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं का?

सकाळी आर्विसचा फोन आला. "ते बोलावताहेत. दोघांनाही."

ओपाप्स पलंगावर उशीला टेकून बसले होते. रात्रीत आणखी लहान झाल्यासारखे.

"घर नाही," ते म्हणाले. "मग तू तिथं केलंस काय?"

आर्विसनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि पहिल्यांदाच खरा प्रवास सांगू लागला.

"शेतात उभा राहिलो. गारठ्याचा पाऊस होता. बूट चिखलात रुतले. काय करावं कळेना, म्हणून तुमचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं. एक ट्रॅक्टरवाला लांबून बघत होता. त्याला वाटलं, मी वेडा आहे. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, जवळ आला. मी सांगितलं, कोण ते. त्यानं टोपी काढली आणि मला त्याच्या आईकडे नेलं."

"पुढे."

"तिनं मला कबर दाखवली, ओपाप्स. तुमच्या वडिलांची. ते युद्धात गेले नाहीत. ते घरातच होते. एकसष्ट सालापर्यंत."

ओपाप्सचा हात शालीवर थांबला.

"युद्धाची आघाडी मध्ये आली, रस्ता बंद झाला. नंतर परदेशी पत्र लिहिणं म्हणजे संकट ओढवून घेणं. पण ती म्हातारी सांगत होती, ते सगळ्यांना म्हणायचे, माझी माणसं जहाजानं गेली, ती सुखरूप आहेत. तिची आई त्यांना रोज दूध द्यायची. आजारपणात तिनंच केलं सगळं. आणि कबर... दर उन्हाळ्यात ते लोक वाळू पसरतात, दंताळ्यानं रेघा ओढतात. साठ वर्षं. त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, ओपाप्स. तरी करतात."

"कोणता महिना?"

"नोव्हेंबर."

ओपाप्स बराच वेळ ओठ हलवत राहिले. "त्या नोव्हेंबरात," ते म्हणाले, "तुझ्या आईला आम्ही हॉस्पिटलातून घरी आणलं. पाच पौंडांची होती. मी तिला कोटात घातलं होतं."

आणि ते रडले. म्हातारा माणूस, इतका मोकळा... आर्विसनं त्यांना धरलं. मी दाराशी उभी होते. मला वाटलं आपण जावं. पण ओपाप्सनी हात वर करून मला थांबवलं.

"मारले गेले, असं मी सांगायचो. आतून वाटायचं, ते आम्हाला विसरले," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "ऐंशी वर्षं मी घराबद्दल विचारलं. त्यांच्याबद्दल विचारायची हिंमत नव्हती."

त्या दुपारी मी निहारला फोन लावला.

"ते अकरा दिवस मला सांग," मी म्हणाले. "पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

त्यानं मागे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, तुला खरंच ऐकायचंय?"

"हो."

तो दोन तास बोलत होता. सहाव्या दिवशी बाबांनी माझा जुना व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं. मी रडले, तिकडे निहारही रडला, आणि शेवटी आईनं फोन घेऊन आम्हा दोघांनाही दम भरला.

ओपाप्स मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेले, झोपेत. त्याआधीचे दोन आठवडे ते रोज एकच मागत: कबर सांग. वाळूच्या रेघा कशा होत्या ते सांग.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळे कॉफी आणि सँडविच घेऊन बसले, तेव्हा आर्विस उभा राहिला. त्यानं लॅटव्हियाच्या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या. चिखल, ट्रॅक्टरवाला, म्हातारीच्या हातचं सूप. आणि मग, आवाज न चढवता, आपण आजोबांशी महिनाभर खोटं बोललो तेही. त्याच्या आईनं डोळ्यांना रुमाल लावला.

नंतर तो मला बाहेर घेऊन आला. पार्किंगच्या कडेला झाडांना इवली इवली पानं फुटली होती. कोटाच्या खिशात हात खुपसून तो उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. आज बोलणं चुकीचं असेल..."

"आर्विस, उशीर करू नकोस."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे." तो एका दमात म्हणाला. "तू रागावून गाडीतून उतरलीस ना, तेव्हा पहिल्यांदा कळलं. मागून हाका मारत होतो आणि वाटत होतं, ही गेली तर..."

माझे कान तापले. वारा होता, तरीही.

"मी जूनमध्ये नागपूरला चाललेय," मी म्हणाले. "सहा आठवडे. तिकीट काढलंय."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. "मी येऊ?"

"नको. या वेळी मला एकटीनं जायचंय. बाबांच्या खोलीत एकटीनं बसायचंय."

"बरं." त्यानं मान हलवली. "मी थांबतो. किती दिवस ते विचारणार नाही."

"विचार ना, वेड्या. सहा आठवडे म्हटलं की मी. आणि रोज फोन करीन. रडले तर रडलेली ऐकशील, आईशी भांडले तर तेही. मी बरी आहे असं नुसतं बरं वाटावं म्हणून तुला कधीच सांगणार नाही. चालेल?"

"चालेल."

"मग माझंही आहे," मी म्हणाले. "प्रेम. एप्रिलपासून."

तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. खिशातून बाहेर आलेला त्याचा हात मी धरला, खरबरीत, गरम. हॉलच्या दारात त्याची आई त्याला बोलवायला आली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, आत वळली आणि दार हळूच लावून घेतलं.