पाठमोरे मास्तर

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या, म्हणून काय हवंय ते तिने भुवया उंचावूनच विचारलं. समोरच्या शाळेत नवा आलेला विज्ञानाचा मास्तर तो. त्याला कपडे शिवायचे नव्हते. कपडा बेतायचा पातळ कागद हवा होता, आरपार उजेड दिसेल असा. तिने तुकडा कापून दिला.

"टाचण्या काढल्यावर बोलता ना?" जाताना त्याने विचारलं. हसू आवरताना तिची पुरेवाट झाली.

झालं! तेव्हापासून बाईसाहेबांचं लक्ष शिवणात कमी आणि खिडकीबाहेर जास्त. रस्त्यापलीकडे त्याची प्रयोगशाळा. पण स्वारी सदा पाठमोरी! दुपारी ऊन हिच्या खिडकीवर आलं, की हा नेमका तेव्हाच अंधाऱ्या खोलीत खिडकीकडे पाठ करून कसल्याशा आरशाशी खुडबुडत बसायचा. तिने केस मोकळे सोडून पाहिले, पिवळा कुर्ता घालून पाहिला... ढिम्म. दुकान मावशीचं. ती म्हणायची, "पाठ बघून बघून त्याच्या शर्टाचं माप तोंडपाठ झालं असेल तुला." झालंच होतं.

कागद मात्र त्याला वरचेवर लागायचा. तो यायचा, दोन शब्द बोलायचा, तिसरा ओठांवर घोळवत निघून जायचा. त्या तिसऱ्यासाठी तिचा जीव झुरत होता.

आणि मावशीने दुकान बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवायचं ठरवलं. कागद कापता कापता तिने त्याला सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि कागद तिथेच विसरून गेला. एवढंच? तिने कात्री खाली आपटली. थोड्या वेळाने कागद घेऊन तीच रस्ता ओलांडून गेली.

तो तसाच पाठमोरा. टेबलावर ताटाएवढा अंतर्गोल आरसा, खिडकीकडे तोंड केलेला. त्याच्यापुढे चिमट्यात अडकवलेला तिच्याच दुकानातला कागद. आणि कागदावर नखाएवढी, रंगांसकट, तिची खिडकी! उलटी. शिवणयंत्र उलटं, रिकामी खुर्ची उलटी.

"तुम्ही रोज..." ती उलट्या खुर्चीकडे बघत म्हणाली.

"समोरून बघायचा धीर नव्हता." त्याचे कान लाल झाले होते. "केस सोडलेत त्या दिवशी ते सगळे वर उडालेले दिसले."

तिला रागवायचं होतं, रडायचं होतं. "मग सुलटी कधी दिसणार मी?"

त्याने कागद बाजूला केला. "आरशाकडे चालत या."

ती निघाली. आरशातली उलटी ती मोठी होत गेली, मग चेहरा विरघळला, नुसता धूसर उजेड उरला. ती थबकली. "काहीच दिसत नाही."

"मधे एक जागा अशी येते. मुलं घाबरून तिथूनच मागे फिरतात." तो आरशाकडे बघत म्हणाला. "मीही तिथेच अडकलोय... तुमच्या दुकानाच्या दारात."

"आणि पुढे गेलं तर?"

"काय दिसतं ते माहीत आहे. पण एकट्याने होत नाही."

तिने त्याची बाही धरली, माप तोंडपाठ असलेली, आणि पाऊल टाकलं. आरशात दोघं सुलटी उभी होती, एवढी मोठी की आरशात मावत नव्हती.

"दुकान लांब जातंय," तो म्हणाला. "मी चालत येईन. रोज. समोरून."

"अच्छा," ती म्हणाली, आणि बाही काही सोडली नाही.